चाळीस फरश्या

झटका आला तेव्हा काका छापखान्यात यंत्राचे रूळ पुसत होते. हातातलं फडकं खाली पडलं, ते उचलायला वाकले आणि तिथेच बसले. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला वाटलं, कंबर धरली असेल. त्याने विचारलं, "काय हो, काय झालं?" काका म्हणाले, "दोन." यंत्राच्या धडधडीत आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं समजून तो माणूस पुन्हा कामाला लागला. पाच-सात मिनिटं तशीच गेली.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मूलबाळ नव्हतं. मावशी हॉस्पिटलच्या तळघरातल्या कपडेखात्यात होती. फाटलेल्या चादरी सांधायच्या, उशांचे अभ्रे शिवायचे, ऑपरेशनच्या गाऊनना नाड्या लावायच्या, असं तिचं काम. काकांना आणलं ते त्याच हॉस्पिटलात, तिच्या डोक्यावर चार मजले. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन त्यांना चमच्याने भरवायची आणि स्वतः न जेवता खाली येऊन मशीनवर बसायची.

काका घरी आले तेव्हा उजवा पाय ओढत चालत होते, उजवा हात गळ्यातल्या पट्टीत होता आणि बोलण्यातलं सगळं जाऊन एकच शब्द उरला होता. दोन.

भूक लागली की दोन. पंखा बंद करा, दोन. राग आला की दोनदोनदोन, एका दमात. वाचा सुधारण्यासाठी एक बाई यायच्या, त्यांनी मावशीला समजावून सांगितलं, "असं होतं कधीकधी. एखादाच शब्द तोंडात बसतो. त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका."

"पण त्यांना कळतं ना सगळं?"

"बरंच कळतं. सांगता येत नाही."

आणखी एक पंचाईत होती. हो म्हणायला मान कशी हलवायची आणि नाही म्हणायला कशी, यातही त्यांची गल्लत व्हायला लागली होती. चहा हवा का विचारलं तर मान आडवी हलवायचे आणि चहा आणला नाही की रागवायचे. लिहिणं, वाचणं दोन्ही गेलं होतं. छापखान्यातल्या लोकांनी एकदा नव्या छपाईचा कागद पाठवला, काकांना बरं वाटेल म्हणून. काकांनी तो उलटा धरला, सुलटा केला, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला आणि घडी न घालता पलंगावर ठेवून दिला. छत्तीस वर्षं अक्षराचा तुटका कोपरासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

घरी येऊन तीनेक महिने झाले असतील. एका सकाळी मावशी बघते तर काका डाव्या हाताने कपाटामागून त्यांची गळाची काठी ओढून काढतायत. आयुष्यभर रविवार म्हटला की ते ही काठी घेऊन तळ्यावर जायचे. मावशी कधी बरोबर गेली नव्हती. तिला त्या रविवारांचा मनातून राग होता. आठवड्यात सुट्टीचा एक दिवस, तोही माशांना. काठी काकांनी तिच्यापुढे धरली. तिला वाटलं, अडगळ होते म्हणून ठेवून दे म्हणतायत. तिने ती माळ्यावर टाकली. काकांनी हाताशी असलेला पेला भिंतीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी माळ्याखाली उभे राहून वर बोट. दोन, दोन. त्या दिवशी मी तिथे होते. मी म्हटलं, "मावशी, त्यांना तळ्यावर जायचं असेल."

"असं पडत-झडत? आणि जाऊन काय करणार? त्या काठीवरच्या रिळाला दोन्ही हात लागतात."

पण रविवारी आम्ही गेलो. गाडी माझ्याकडे होती. मागच्या सीटवर काका, मावशी आणि घडीची खुर्ची.

तळं बंद पडलेल्या कारखान्यामागे होतं. काठाला सिमेंटचा ओटा, ओट्याच्या मागे तारेचं कुंपण, आणि डोक्यावर एका मोठ्या झाडाच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की हात वर केला तर पानं लागतील. समोर पाण्याचा एक चिंचोळा फाटा आणि पलीकडच्या काठाला एक वाकलेलं झाड, त्याच्या डहाळ्या पाण्याला टेकलेल्या. काका खुर्चीत बसले, काठी डाव्या हाताने मावशीच्या हातात दिली आणि त्या झाडाखालच्या सावलीकडे बोट दाखवलं.

"अहो, मला कुठे येतं हे?"

"दोन," काका म्हणाले.

मला थोडंफार ठाऊक होतं, काकांच्याच तोंडून ऐकलेलं. अशा जागी काठी डोक्यावरून फिरवून फेकता येत नाही, मागे तार आणि वर फांद्या. मग आमिष डाव्या हातात धरायचं, काठीचं टोक खाली ठेवायचं, आणि झोका देऊन खालूनच सोडायचं. आमिष पाण्यावरून वीतभर उंचीने सरकत जातं आणि चुबुक न करता पडतं. बिचकणारा मासा त्यामुळे बिचकत नाही. याला ती मंडळी पिचिंग म्हणतात. काकांचं रीळ काठीच्या वर बसणारं, आडव्या चक्रीचं. सोडताना चक्री अंगठ्याखाली फिरते. अंगठा लवकर उचलला तर चक्री दोऱ्यापेक्षा जोरात पळते आणि दोऱ्याचा गुंता होतो. उशिरा उचलला तर आमिष पायाशी.

मावशीचं पहिलं आमिष पायाशी पडलं. दुसऱ्या वेळी गुंता झाला. तो सोडवायला आम्हाला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ काका "दोन... दोन..." म्हणत रिळाकडे बोट दाखवत होते. मावशी आधी हसली. मग हसणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. परतताना गाडीत ती मला म्हणाली, "तीस वर्षं हा माणूस जेवताना मला हेच सांगायचा गं. अंगठा असा, चक्री तशी. मी नुसतं हं हं करायचे. आता विचारते तर सांगायला तोंड नाही."

त्या दिवसापासून दर रविवारी तळं ठरलेलं. घरी असताना काका एरवी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, पण रविवारी सहाला उठून दाराशी जाऊन बसायचे. एवढ्यासाठीच मावशी जात राहिली. मासे मिळवायची तिला काडीची हौस नव्हती. पण काकांचं बोट दर वेळी त्या झाडाकडेच जायचं आणि तिचं आमिष पंधरा फुटांच्या पुढे जायचं नाही.

गळाचं सामान विकणारा दुकानदार काकांचा जुना ओळखीचा. सगळे त्याला टोपीवाला म्हणत, टोपी तो आंघोळीलाच काढत असेल. मावशी काकांना घेऊन दुकानात गेली. टोपीवाल्याने काकांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. मग रीळ पाहून म्हणाला, "वहिनी, हा नायलॉनचा दोरा जुनाट झालाय, स्प्रिंगसारखा वेटोळी घेतो. ब्रेड लावून बघा."

"ब्रेड? माशांना ब्रेड आवडतो?"

"खायचा नव्हे हो. ब्रेडेड लाइन. बारीक धागे वेणीसारखे विणून केलेली." त्याने हातभर दोरा काढून दिला. मावशीने तो चिमटीतून ओढून पाहिला, नखावरून फिरवला, दातांत धरून पाहिला. दोऱ्यातलं तिला कळत होतं. टोपीवाला सांगत होता, "नायलॉनपेक्षा निम्म्याने बारीक आणि ताकद दुप्पट. मऊ, वेटोळं धरत नाही, हलक्या झोक्यालाही सुटतो. लांब जाईल."

मावशी एकदम काकांकडे वळली. "दुप्पट म्हणजे दोन. अहो, हेच सांगत होतात का? हाच दोरा?"

काकांनी मान हलवली. उभी की आडवी ते धड कळलं नाही. आणि कळलं असतं तरी त्याचा भरवसा नव्हता.

पुढच्या रविवारी तो दोरा लावून गेलो. आमिष झुडपात अडकलं म्हणून मावशीने जोर लावला, तर चक्री जागच्या जागी आणि दोऱ्याची सगळी गुंडाळी तिच्यावरून गरागरा घसरत. काका खुर्चीत उसळायला लागले. दोन, दोन, दोन. दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याने कपाळाला हात लावला. "चूक माझी. हा दोरा इतका गुळगुळीत असतो की गुळगुळीत चक्रीवर टिकत नाही. खाली थोडा नायलॉन गुंडाळायचा, त्याला गाठ मारून वर हा."

"म्हणजे एका चक्रीवर दोन दोरे."

"हो."

मावशी दुकानातून घरी अक्षरशः धावत आली. मी स्वयंपाकघरात होते. ती चपलांसकट काकांसमोर जाऊन उभी राहिली. "सापडलं. खाली नायलॉन, वर हा. दोन दोरे. हेच ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी शोधल्यासारखे त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "दोन," आणि अगदी तसाच, नेहमीचा, थकलेला हात पुन्हा हवेत उचलून खाली टाकला. मावशी तिथेच जमिनीवर बसली.

त्यानंतर तिने काकांना विचारणं कमी केलं आणि स्वतःच शोधायला लागली. तिने सरावासाठी जागा निवडली ती कपडेखात्यातलीच. तळघरात चादरींच्या दोन उंच मांडण्यांमध्ये एक लांबलचक बोळ होती, छत बुटकं, खाली एकेक फुटाच्या फरश्या. जेवणाच्या सुट्टीत आमिषाच्या रबरी बेडकाचे, मासा अडकवायचे आकडे कापून, बोळीच्या टोकाला मळक्या कपड्यांचं टोपलं ठेवून ती सराव करायची. डोक्यावरून फेकायला तिथेही वाव नव्हता. टोपीवाल्याने सांगितलं होतं की ओट्यापासून त्या झाडापर्यंत चाळीस फूट असतील. म्हणजे चाळीस फरश्या.

पहिल्या दिवशी चौदा झाल्या. चौथ्या दिवशी आमिष नुकत्याच इस्त्री केलेल्या गाऊनच्या ट्रॉलीत पडलं, आणि ट्रॉलीमागे नेमकी मेट्रन उभी. मेट्रनने तो रबरी बेडूक दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय आहे?"

"बेडूक आहे, मॅडम."

"ते दिसतंय. माझ्या गाऊनमध्ये काय करतंय?"

मावशीने खरं ते सांगून टाकलं. मेट्रनने ऐकून घेतलं, बेडूक परत दिला आणि जाता जाता म्हणाली, "दार लावून करत जा. आणि स्वच्छ कपड्यांकडे तोंड करून नको."

दुकानदार सांगायचा त्याच्या निम्म्या गोष्टी मावशीला शिवणयंत्राने शिकवल्या. रिळाच्या मुठीशेजारी एक गोल चकती असते, ती फिरवून चक्री सैल किंवा घट्ट करता येते. किती सैल, हे तिला कुणी सांगेना. मग तिला आपला बॉबिन आठवला. बॉबिनची डबी दोऱ्याला टांगून धरायची, आपोआप सरसर खाली आली तर स्क्रू सैल, मुळीच आली नाही तर घट्ट, आणि हळूहळू उतरली की बरोबर. तिने आमिष तसंच टांगलं, हळूहळू उतरेपर्यंत चकती फिरवली आणि मग केसभर आणखी सैल केली. बावीस फरश्या. दोरा गुंडाळताना ओल्या फडक्याच्या चिमटीतून ताणून घेतला, म्हणजे वरचा वेढा खालच्यात रुतणार नाही. सव्वीस. झोका जोरात दिला की आमिष वर उडतं आणि मध्येच पडतं, हळू दिला तर खालून लांब जातं, हे तिच्या मनगटाला आपोआप कळलं. एकतीस.

एकतिसाला गाडी अडली ती तीन आठवडे. अंगठ्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. घरी काकांचं सगळं करून, कामावरची शिलाई करून, वर हे. एका संध्याकाळी काकांना आंघोळ घालताना बादली कलंडली, काका ओरडायला लागले, दोन, दोन, दोन, आणि मावशीचा तोल सुटला. "पुरे करा हो ते दोन. कंटाळले मी. गप्प बसा जरा."

काका गप्प बसले. पुढचे दोन दिवस तोंडातून अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला, दोन म्हणून, तेव्हा मावशी गॅससमोर उभी राहून रडली. मला फोनवर म्हणाली, "आयुष्यात एवढं हायसं मला कधी वाटलं नव्हतं."

एकतिसाच्या पुढचा रस्ताही बॉबिननेच दाखवला. काठोकाठ भरलेला बॉबिन जड चालतो, अर्धा भरलेला कसा भुर्रकन फिरतो. तिने चक्रीवरचा दोरा काढायला घेतला आणि वीस मीटरच ठेवला, खालचा नायलॉनही चार वेढ्यांपुरता. एवढ्याशा झोक्याला चक्री जागची हलवायची तर ती हलकी नको का? शंभर मीटर दोरा वाहून न्यायचाय कुणाला? टोपीवाल्याने ते ऐकून टोपी मागे सरकवली. "वहिनी, हे मला सुचलं नव्हतं." त्या आठवड्यात छत्तीस, पुढच्यात अडतीस. आमिष थोडं जड घेतलं, आकाराने लहान पण वजनदार. बरोबर चाळिसाव्या फरशीवरच्या टोपल्यात बेडूक पडला तेव्हा बोळीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिने टोपल्यातून तो उचलला, खिशात घातला आणि अभ्र्यांच्या गठ्ठ्याकडे वळली.

तो रविवार मला चांगला आठवतो. वारा नव्हता, पाणी तेलासारखं स्थिर. काका खुर्चीत, मांडीवर शाल. बोट झाडाकडे. मावशीने पाय जरा फाकवून घेतले, आमिष रिळाच्या उंचीपर्यंत लोंबू दिलं, हातात धरलं, झोका दिला. आमिष पाण्यावरून सरळ गेलं, डहाळ्यांच्या खालून आत शिरलं आणि सावलीत दिसेनासं झालं. आवाजसुद्धा आला नाही.

तिने मागे वळून पाहिलं. मीही काकांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते हसतील, निदान मान हलवतील. काका त्या सावलीकडे बघत होते आणि त्यांचं बोट अजून तिकडेच होतं. "दोन," ते म्हणाले.

"पडलं ना हो तिथे," मावशी म्हणाली. "तिथेच पडलं. आता काय?"

"दोन."

तिने पुन्हा टाकलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही. चहाचा थर्मास गाडीत राहिला होता, तो आणायला मी गेले. तेवढंच माझं चुकलं. गाडीचं दार उघडलं आणि मागून पाणी फुटल्याचा मोठा आवाज आला.

मी वळले तोवर काठी कमानीसारखी वाकली होती. फेकायचं सगळं मावशी शिकली होती, पण मासा लागल्यावर काय करायचं हे तिने शिकायचा विचारच केला नव्हता. ती जागा गाठणं, तेवढंच तिच्या डोक्यात होतं. हा दोरा नायलॉनसारखा ताणत नाही, माशाचा प्रत्येक हिसका थेट हातात येतो. दोरा सरसर सुटायला लागला तसा तिने तो अंगठ्याने दाबून धरला आणि अंगठा कापला गेला. चक्रीवर होताच वीस मीटर. काका "दोन, दोन" ओरडत खुर्चीच्या हातावर डावा हात रोवून उठले. उभे राहिले. झटक्यानंतर मी त्यांना इतक्या चटकन उठून उभं राहिलेलं पाहिलं ते त्या एका क्षणी. त्यांनी डावा हात काठीकडे पुढे केला, एक पाऊल टाकलं, आणि उजवा पाय जागचा हललाच नाही.

ते पडले तो आवाज मला गाडीपाशी ऐकू आला. मी धावत होते, पण ओटा लांब होता. मावशीने काठी सोडून दिली. काठी ओट्यावरून खडखडत गेली आणि पाण्यात ओढली गेली. मी पोचले तेव्हा मावशी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, अंगठ्यातलं रक्त त्यांच्या शर्टाला लागत होतं. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. तिथे आता काही नव्हतं, नुसती वर्तुळं.

"लागलं का हो? कुठे लागलं? बोटाने दाखवा."

त्यांना दाखवता येईना. आम्ही दोघींनी उचलायचा प्रयत्न केला तेव्हा ते किंचाळले, त्यावरून खुबा मोडला असणार हे आमच्या लक्षात आलं. रुग्णवाहिका येईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही तशाच बसून होतो, त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आळीपाळीने शाल धरून.

ऑपरेशनला नेताना त्यांच्या अंगात जो गाऊन होता तो मावशीनेच शिवलेला. एक नाडी उलटी बांधली होती. तिने ट्रॉली थांबवून ती सोडली आणि नीट बांधली, आणि मग ऑपरेशन थिएटरची दारं बंद झाली.

त्यानंतर काका अंथरुणातून उठले नाहीत. ऑपरेशन बरं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण काकांनी पाय टेकवायलाच नकार दिला, की जमत नव्हतं, तेही सांगणार कसं? मावशीने रजा काढली, रजा संपली, मग अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शेजारणीवर भरवसा असं चाललं. मी जमेल तशी जायचे. त्या महिन्यांत मी काय मदत केली असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला हात लावायचे, एवढंच.

टोपीवाला एकदा भेटायला आला. जाताना मावशीने त्याला दाराशी गाठलं. "तुम्ही त्यांच्याबरोबर कितीदा गेलात त्या तळ्यावर. तिथे दोन काय असेल? दोन कशाचे?"

तो विचारात पडला. "आता कसं सांगू वहिनी? काहीजण दोन झोके देतात. पहिला रिकामा, दुसऱ्याला सोडायचं. काही दोन आकडे लावतात. तळ्याच्या त्या बाजूला पूर्वी दोन झाडं होती, एक पडलं. आणि... नसेलही काही त्यात."

तो गेल्यावर मावशी पलंगाशी बसली आणि एकेक करून विचारत गेली. दोन झोके? दोन आकडे? दोन झाडं? दोघांनी मिळून जायचं, असं म्हणत होतात का? प्रत्येक वेळी काका तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायचे, एखादी परकी भाषा चांगल्या माणसाने ऐकून घ्यावी तसे. शेवटी त्यांनी डोळे मिटले. तिने चादरीची घडी सारखी केली आणि उठली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत ते काहीच बोलेनासे झाले. पाणी हवं असलं तरी नाही, दुखलं तरी नाही. मावशी मुद्दाम चहा द्यायला उशीर करायची, रागावून तरी तोंड उघडतील म्हणून. ते वाट बघत पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, मेंदूत पुन्हा काहीतरी झालं असावं. तिने मला विचारलं, "मी त्या दिवशी गप्प बसा म्हटलं होतं, ते आठवत असेल का गं त्यांना?" मी म्हटलं, "नाही गं मावशी, त्याचा काय संबंध?" तिला पटलं नाही, आणि माझ्या आवाजातही पटवण्याइतकं बळ नव्हतं.

पडल्यापासून सात महिन्यांनी ते गेले. सकाळची वेळ होती, मावशी त्यांचं तोंड पुसत होती. छाती एकदा वर आली आणि खाली गेली. तिला वाटलं, झोप लागली. तिने टॉवेल पिळून वाळत घातला, मग परत येऊन बघितलं.

मी तिला माझ्याकडे घेऊन आले. चार दिवस राहिली आणि म्हणाली, मला घरी सोड. कामावर पुन्हा पूर्णवेळ जायला लागली आहे. मेट्रनने तिला हलकं काम दिलं होतं, तिने ते घेतलं नाही. परवा भेटले तेव्हा ती पडद्यांना पट्टी लावत होती. झोप लागते का, विचारलं तर म्हणाली, लागते, पण पहाटे पाचला जाग येते. कूस बदलायची वेळ झाली म्हणून ती उठून बसते, पाय खाली सोडते, आणि पलीकडचा पलंग बघून तशीच बसून राहते. किती वेळ ते तिलाही सांगता येत नाही. मग उजाडतं.